शिवण येत नाही, आवडतही नाही. तरी दानासाठी शिकावं का?

नाइलाज
माझी मोठी बहीण आणि तिच्या काही मैत्रिणी मिळून गरजूंसाठी शिवतात. दवाखान्यातल्या बाळांच्या टोप्या, शाळेच्या मुलांना नाडीच्या पिशव्या, धुऊन वापरायचे कापडी पॅड, असं काय काय. मी त्यांचा हिशेब ठेवतो आणि कापडाचे गठ्ठे इकडून तिकडे पोचवतो. इथवर ठीक चाललं होतं. आता त्यांच्यातल्या दोघी परगावी राहायला गेल्या, दोन मशीनं रिकामी पडली, आणि ताईने जाहीर केलं की हिशेबाला असा कितीसा वेळ लागतो, उरलेल्या वेळात मी टीप मारायला शिकायचं. विचारलं नाही, सांगितलं.

मला शिवणाची आवड नाही. 'पुरुषाने कशाला' असलं काही डोक्यात नाही, गैरसमज नको. एका जागी मान खाली घालून तासन् तास करायची बारीक कामं मला मुळातच नकोशी होतात, एवढंच.

तर प्रश्न दोन. पहिला तात्त्विक: शिकाऊ माणसाने शिवलेलं वेडंवाकडं काहीतरी गरजूच्या माथी मारायचं, याला दान म्हणायचं की आपला सराव? त्यापेक्षा शिंप्याला पैसे दिले तर वस्तू धड होईल आणि त्याचंही घर चालेल.

दुसरा अगदी व्यावहारिक: मशीन चालवलं की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा हा मोठा गुंताडा होतो. ताई म्हणते, "बॉबिन बघ." मी बॉबिनकडे बघितलं. बॉबिनने माझ्याकडे बघितलं. पुढे काही नाही.

धावदोरा
वाचतेय. ताईंना माझा नमस्कार सांगा, अशी माणसं कामाला लावणारी ताई प्रत्येक गटाला हवी.

टीपकागद
दुसऱ्या प्रश्नाचं आधी, कारण त्याला उत्तर आहे.

गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाला धरतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा दोन चकत्यांच्या मधून जातो, त्या चकत्या त्याला ताण देतात. प्रेसर फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना त्या एकमेकींना चिकटून असतात. तसाच दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये न जाता नुसता वरून जातो. मग ताणच नाही, दोरा हवा तेवढा सुटत राहतो आणि खाली साठतो. म्हणून:

दोरा पूर्ण काढा. प्रेसर फूट वर करा. पुन्हा पहिल्यापासून ओवा. मग फूट खाली करून दोरा हाताने ओढून बघा, आता तो अडायला हवा. फूट वर असताना सहज सरकतो आणि खाली असताना अडतो, म्हणजे जागेवर बसला.

दुसरं, टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटभर लांब ठेवून मागच्या बाजूला धरायची, पहिले दोनचार टाके पडेपर्यंत सोडायची नाहीत. आणि बॉबिनचा दोरा वर काढून घेतला नसेल तर आधी चाक हाताने एक फेरा फिरवून तो वर आणा.

बॉबिन केसचा स्क्रू कृपया फिरवू नका. घरोघरी तो कुणीतरी फिरवलेला असतो आणि नंतर कुणालाच कबूल करायचं नसतं.

उंटावरून
पहिल्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: शिकू नका. हिशेब ठेवणारा माणूस स्वयंसेवी गटांना मिळत नाही, टीप मारणारे मिळतात. सुटं कापड विकत आणून, शिकाऊ हातांनी कापून, निम्मं वाया घालवून जी पिशवी होते, तिच्यापेक्षा ठोकात घेतलेली तयार पिशवी स्वस्त पडते आणि टिकते. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्याच असतील तर ज्याला भाजता येतात त्याने भाजाव्यात. आपलं मन रमावं म्हणून शिवायचं असेल तर खुशाल शिवा, पण त्याला समाजसेवा म्हणू नका.

फक्त_वाचक
"एका जागी मान खाली घालून तासन् तास करायची बारीक कामं नकोशी होतात" असं म्हणणारा माणूस हिशेब ठेवतो. हे कसं काय?

नाइलाज
@फक्त_वाचक, हिशेबात चुकलं तर खोडता येतं.
@टीपकागद, फूट वर करून ओवला. गुंता गेला! एवढी साधी गोष्ट ताईला माहीत नसावी?

टीपकागद
माहीत असणार. इतकी वर्षं शिवणाऱ्या माणसाचा हात आपसूक फूट वर करूनच ओवतो, ते सांगायचं असतं हेच लक्षात राहत नाही.

सुलभाकाकू
उंटावरून, तुमचं पिशव्यांबद्दल पटतं. पण सगळ्याच वस्तू बाजारात मिळतात हे कुणी सांगितलं? मी बरीच वर्षं अशा गटात शिवते आहे, म्हणून सांगते.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली की कित्येक बायका निचऱ्याची नळी आणि तिला जोडलेला फुगा घेऊनच घरी येतात. तो फुगा धरायचा कसा, अंगाला पिनेने टोचून? त्यासाठी गळ्यात किंवा कमरेला अडकवायची छोटी कापडी पिशवी लागते. दुसरं म्हणजे हृदयाच्या आकाराची उशी. ती शोभेची नसते, मधली खाच काखेत बसते, हात अंगाला दाबला जात नाही आणि टाके ओढले जात नाहीत. गाडीत बसल्यावर पट्ट्याखाली धरायलाही होते. तिसरं, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचे हात सारखे चाळा शोधत असतात. त्यांच्या मांडीवर टाकायला चेन, मोठी बटणं, नाडी, वेगवेगळ्या पोताचे तुकडे घट्ट शिवलेला एक चौकोन देतात. हात त्यात रमतात, माणूस थोडा शांत बसतो. हाताला प्लास्टर किंवा सलाइन असलेल्यांसाठी बाजूने उघडणारे सदरे लागतात, ते आणखी निराळे.

यातलं काहीही दुकानाच्या फळीवर सहज सापडत नाही, कारण खप नाही. चार जणी बसून शिवतात म्हणून ते पोचतं. शिंप्याला देता येईल, पण त्याला आधी समजावून सांगणारं कुणी लागतं, आणि ते समजायला स्वतः थोडं शिवता आलेलं बरं.

नाइलाज, तुम्ही शिका. आवड नसली तरी चालतं. मलासुद्धा काजं करायला आजही आवडत नाही.

रात्रपाळी
मी नवजात बाळांच्या विभागात परिचारिका आहे. काकूंच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण दुसरी बाजूही लिहिते, कारण आमच्याकडे प्रेमाने येणाऱ्या वस्तूंतल्या बऱ्याचशा आम्हाला वापरता येत नाहीत.

टोप्या हव्या असतात. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, त्यातून उष्णता पटकन जाते. कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवतो तेव्हाही डोक्यावर टोपी असते. पण टोपीला गोंडा नको, बटण नको, मोती नको, हनुवटीखाली बांधायची रिबन तर मुळीच नको. गळ्याभोवती जाऊ शकेल किंवा सुटून तोंडात जाईल असं काहीच चालत नाही. आतली शिवण जाड नको, ती कपाळावर वळ उठवते. आणि गरम पाण्यात वारंवार धुऊन जी आकसते ती टोपी बाद. कापड आधी धुऊन मगच बेतायचं. किती घेराच्या हव्यात हे विभागात विचारायचं, अंदाजाने करायचं नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मापाच्या ढीगभर येतात, आणि आमच्याकडच्या कित्येक बाळांची डोकी त्याहून कितीतरी लहान.

उश्या आणि दुलया बाळांसाठी देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी मऊ, सैल अंथरूण-पांघरूण ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, श्वास कोंडण्याचा धोका असतो. शिवणाऱ्याने कितीही जीव ओतला असला तरी ते आम्हाला बाजूला ठेवावं लागतं, आणि परत करताना जीभ रेटत नाही.

टोपीचं कापड ताणणारं होजियरीचं असतं, त्याला गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लागते, नाहीतर टाके सुटतात. नवशिक्याने त्याने सुरुवात करू नये.

उंटावरून
म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं की. वस्तू येतात आणि बाजूला पडतात.

रात्रपाळी
नाही, तुम्ही म्हणत होता 'शिकू नका'. मी म्हणतेय 'आधी विचारा'.

भाराभर_चिंध्या
मी २०२० मध्ये शिवायला लागलो, अर्थात मास्क. तोवर बटणसुद्धा लावलं नव्हतं. त्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कला तीन थर असावेत असं सुचवलं: आतला ओल शोषणारा, बाहेरचा ओल झटकणारा. त्याआधी एका थराचे ढिगाने शिवून वाटले गेले होते, त्यांचं काय झालं कुणास ठाऊक. पण त्या काळात एक दिसलं. जे गट रोज फोन करून 'आज काय हवं, कानामागचं इलॅस्टिक की बांधायच्या पट्ट्या' असं विचारत होते, त्यांचं सगळं वापरलं गेलं. दिवसभर मास्क लावणाऱ्यांचे कान इलॅस्टिकने सोलवटतात, त्यांना पट्ट्याच हव्या असत. आपण मात्र इलॅस्टिक सोपं म्हणून तेच लावत बसलो होतो.

माझं नाव तेव्हापासूनचं आहे. एक ना धड.

ऊन_हवं
धाग्यात कापडी पॅडचा उल्लेख आलाय म्हणून लिहिते. ते दिसायला सोपं आणि करायला अवघड काम आहे, नाइलाज यांनी त्यात लगेच हात घालू नये.

वरचा थर मऊ सुती, मध्ये शोषणारे फ्लॅनेलचे थर, खाली पाणी न झिरपणारं पीयूएलचं कापड. या पीयूएलला नको तिथे टाचणी टोचली की तिथूनच गळतं, म्हणून शिवणीच्या बाहेर कडेला जी पट्टी सुटते तिथेच टोचायची किंवा चिमटे लावायचे. मधले थर टीप मारून एकमेकांना धरले नाहीत तर दोनदा धुतल्यावर गोळा होऊन एका कडेला जातात. थर वाढवले तर शोषण वाढतं, पण वाळायला वेळ लागतो, आणि अर्धवट वाळलेला पॅड वापरणं वाईट. म्हणून एक जाड पॅड करण्यापेक्षा वेगळी निघणारी घडी जास्त कामाची.

खरी अडचण मात्र शिवणाच्या पलीकडची. हे पॅड धुऊन उन्हात, चारचौघांत वाळत घालायचे असतात. 'डेज फॉर गर्ल्स' ही २००८ मध्ये सुरू झालेली संस्था. त्यांचे सुरुवातीचे पॅड पांढरे आणि बघताक्षणी पॅड वाटावेत असे होते. डाग दिसायचे, मुलींना वाळत घालायला संकोच वाटायचा. मग त्यांनी रचना बदलली. घडी उलगडली की साधा रंगीत चौकोनी रुमाल, दोरीवर टाकला तर कुणाला कळत नाही. गडद रंगाचं, नक्षीचं कापड त्यासाठी. शिवणाऱ्याला पांढरं स्वच्छ वाटतं, वापरणारीचा विचार वेगळा असतो.

आणि पाणी, साबण, आडोसा हे तिन्ही जिथे नाहीत तिथे कितीही सुबक पॅड दिला तरी उपयोग नाही. ते विचारून घ्यायला हवं.

अवांतरसम्राट
शिंप्याच्या पोटाचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिये नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवायचा कारखाना काढला. १८३१ मध्ये तिथल्या शिंप्यांच्या जमावाने कारखान्यात घुसून ती मशीनं मोडून टाकली, पोटावर पाय येणार म्हणून. म्हणजे मशीन शोधणाराही शिंपी आणि मोडणारेही शिंपीच. त्याच्या मशीनचा टाका साखळीचा, एका दोऱ्याचा होता, टोक ओढलं की सरसर उसवणारा. वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवणाऱ्या टाक्याचं पेटंट इलायस हाव याने १८४६ मध्ये अमेरिकेत घेतलं, सुईचं नेढं टोकाशी. नाइलाज यांच्या गुंताड्याचे मूळ पुरुष हे असे.

फक्त_वाचक
म्हणजे बॉबिन नसलेलं मशीनही होतं. नाइलाज यांचा जन्म उशिरा झाला.

दप्तरवाला
सहसा लिहीत नाही, पण पहिल्या प्रश्नावर दुसऱ्या बाजूचं कुणी बोललेलं नाही.

मी लहानपणी दानात आलेले कपडे, दप्तरं वापरलेली आहेत. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. मोजले तरी सांगतो कुणाला? दप्तराचा बंद तुटला तर दुकानात जाऊन भांडता येतं. वाटपात मिळालेल्या दप्तराचा बंद तुटला की दाखवायचं कुणाला? देणारे फोटो काढून गेलेले. मग ते काखोटीला मारून न्यायचं, आणि वर्गात सगळ्यांना कळतं की हे वाटपातलं. एका बाईंनी मला तो बंद पुन्हा शिवून दिला होता. त्यांनी नुसती आडवी टीप मारली नाही, बंदाचं टोक आत दुमडून चौकोन शिवला आणि चौकोनात कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे फुली. तो जोड नंतर कधी सुटला नाही, दप्तराचं कापड विरलं तरी.

शिकाऊ माणसाने शिवावं की नाही यावर माझं एवढंच म्हणणं आहे: शिवा. पण देण्याआधी दोन्ही हातांनी ओढून बघा. तुमच्या मुलाला ते घेऊन शाळेत पाठवाल का, हे बघा. टीप थोडी वाकडी असली तर कुणाचं काही बिघडत नाही. सुटली तर बिघडतं.

सुलभाकाकू
दप्तरवाला, बरं झालं लिहिलंत. आमच्या गटात फुली मारायची पद्धत आहे, पण ओढून बघायची नाही. उद्यापासून सुरू करते.

उंटावरून
@दप्तरवाला, पटलं. माझ्या मुद्द्याला तुमच्यामुळे जोरच येतोय असं मी म्हणणार होतो, पण ती बाईही शिंपी नव्हती, तेव्हा गप्प बसतो.

टीपकागद
आता नाइलाज यांनी सुरुवात कशाने करावी याकडे वळू या, नाहीतर धागा भरकटेल.

पहिल्या दिवशी दोरा ओवायचाच नाही. रेघांची वही घ्यायची, जुनी सुई लावायची (कागदाने सुई बोथट होते, नवी वाया घालवू नका) आणि रेघेवरून नुसती भोकं पाडत जायचं. नजर सुईवर ठेवायची नाही, फुटाच्या कडेवर आणि पुढच्या रेघेवर ठेवायची. सुईकडे बघितलं की हात वळतो. मग चौकोन काढायचा: कोपऱ्यात सुई खाली रुतवून थांबायचं, फूट वर, कागद वळवायचा, फूट खाली, पुढे. हे जमलं की पिशवी जमली.

दुसरं, कापड ढकलायचंही नाही आणि ओढायचंही नाही. खालचे दात ते पुढे नेतात, हातांनी फक्त दिशा द्यायची. मागून ओढलं की सुई वाकते, पत्र्यावर आपटते आणि मोडते. मोडलीच तर सगळे तुकडे सापडेपर्यंत पुढे जायचं नाही, कापडात अडकलेलं टोक पिशवीबरोबर कुणाच्या हातात जाऊ शकतं.

सुई साध्या सुती कापडाला १४ नंबरची (पाकिटावर ९०/१४ असतं, ९० म्हणजे जाडी ०.९ मिलिमीटर), जीनसारख्या जाड कापडाला १६. लावताना सुईची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला यायला हवी. मशीन कुठलंही असो, हे चुकत नाही. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर. जुन्या मशीनवर इंचाला टाके लिहिलेले असतील तर १०.

पिशवीचं सांगतो. जाडसर सुती कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून ४० सेंमी रुंद आणि १०० सेंमी लांब कापा. सुलट बाजू आत ठेवून लांबीची दुहेरी घडी घाला, तळ घडीनेच होतो. दोन्ही बाजूंना दीड सेंमी सोडून टीप मारा, पण वरचे ८ सेंमी उघडे ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी तीनचार टाके उलटे मारून पक्कं करा. त्या उघड्या ८ सेंमीच्या कडा आत दुमडून शिवून घ्या. मग वरची कड आधी १ सेंमी, मग ३ सेंमी दुमडून नेफा करा, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा. साधारण ३७ बाय ४६ ची पिशवी होते, वह्या-पुस्तकं सहज बसतात. आतल्या कडांचे धागे सुटू नयेत म्हणून झिगझॅग मारा, मशीनला ते नसेल तर कडेजवळून आणखी एक टीप घाला. नाड्या दोन, साधारण मीटरभर लांब. एक उजवीकडून घालून पूर्ण फिरवून उजवीकडेच काढायची, दुसरी डावीकडून डावीकडे. दोन्ही ओढल्या की तोंड मिटतं.

उसवणारी
टीपकागद यांनी सगळं सांगितलं, फक्त इस्त्री एका शब्दात उरकली! प्रत्येक टिपेनंतर शिवण इस्त्रीने बसवायची, पुढची टीप मारायच्या आधी. नवशिक्याच्या वाकडेपणातलं बरंचसं इस्त्रीच्या कंटाळ्यातून येतं. आणि उसवणी जवळ ठेवा, तिची लाज वाटू देऊ नका. माझं नाव बघा.

पायमशीन असेल तर आणखी एक. सुरुवातीला पाय उलटा पडतो, चाक मागे फिरतं आणि दोरा तुटतो. कापड न घालता, फूट वर ठेवून, नुसतं पायाने चाक एका दिशेला फिरवत ठेवायचा सराव करा. मशीन आधी हाताने सुरू करायचं, मग पाय.

धावदोरा
आणि कापडाच्या कात्रीने कागद कापू नका.

भाराभर_चिंध्या
आमच्या घरी त्या कात्रीला हात लावायला परवानगी लागते.

फक्त_वाचक
आमच्याकडे कात्री लपवलेली असते. कुठे ते लपवणारीलाही आठवत नाही.

दप्तरवाला
कात्री लपवायचीच, पण घरच्यांना कागदासाठी एक वेगळी द्या, मग शोधत नाहीत.

नाइलाज
सगळ्यांचे आभार. अद्ययावत माहिती देतो.

वहीच्या रेघांवरून भोकं पाडली. नेहमी आकडे लिहितो त्याच रेघा इतक्या अरुंद असतील असं वाटलं नव्हतं. मग पिशवी केली. ताईने ती हातात घेतली, आत हात घालून उलटी केली, दोन्ही शिवणी नखाने खरवडल्या, मग दोन्ही हातांनी ओढली. (दप्तरवाला, मी तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला होता, त्याचा हा परिणाम.) एक बाजू टिकली. दुसऱ्या बाजूला खालच्या कोपऱ्यापाशी टीप सुटली, कारण तिथे मी उलटे टाके घेतले नव्हते. ती पिशवी आता हिशेबाच्या वह्यांना आहे.

शिवणाची आवड लागली का? नाही. अजूनही मशीनसमोर बसलं की घड्याळाकडे लक्ष जातं. पण एक झालं. कापणं आणि इस्त्री मला जमते, आणि सरळ कापलेल्या कापडावर बाकीच्या भराभर शिवतात. मशीनवरची एक जण आधी कापण्यात अडकायची, ती मोकळी झाली. ताण बघण्याचं टेबलही माझ्याकडे आलं आहे, जे सुटेल ते मी परत पाठवतो. या कामामुळे मी गटात फारसा लोकप्रिय राहिलेलो नाही.

तात्त्विक प्रश्नाबद्दल: टोप्या आणि पॅड आम्ही शिकाऊ हातांकडून काढून घेतले. टोप्यांची मापं विभागात जाऊन विचारली. दिलेलं उत्तर आमच्या अंदाजाशी जुळलं नाही, आधी कापून ठेवलेलं बरंच कापड आता दुसऱ्या कशाला तरी लावावं लागेल.

उंटावरून
तो माल शिंप्याला द्या, लहान मुलांच्या कपड्यांना लागेल. आणि मी शेवटी काय म्हणतो ते लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कुणी मला दगड मारायला नको. पिशव्या शिका, त्या शिकायच्याच वस्तू आहेत. टोप्यांसारख्या नाजूक वस्तू पैसे देऊन सराईत माणसाकडून करून घ्या, आणि त्या पैशांचा हिशेब नाइलाज यांनी ठेवावा. दोन्ही जमतं की नाही?

रात्रपाळी
जमतं. फक्त शिंप्यालाही रिबन लावू नको हे सांगून ठेवा, ते हौसेने लावतात.

सुलभाकाकू
कापलेलं होजियरी टाकू नका. ताणणारे लांब पट्टे कापून त्यांच्या नाड्या होतात, पट्टा ओढला की कडा आपोआप आत वळतात, शिवावं लागत नाही.

नाइलाज
काकू, हे माहीत नव्हतं, करून बघतो. नाडीचाच एक प्रश्न राहिलाय. बाजारातून आणलेल्या नाडीची टोकं विसकटतात, आणि नेफ्यातून ओवताना मधेच सुटून आत राहते.

टीपकागद
नायलॉनची असेल तर टोक मेणबत्तीवर धरून वितळवा, बोट लावू नका, चिकटतं. सुती असेल तर गाठ मारा. ओवायला टोकाला मोठी सेफ्टी पिन लावा, दुसरं टोक कापडाला टाचून ठेवा म्हणजे आत जाणार नाही. नेफ्यातून काढल्यावर पिन मोजून परत डबीत टाका, पिशवीत एकही राहता कामा नये.